चिनी वैद्याचा कट्टा

बसा मंडळी, पण आधी गळ्याभोवती काहीतरी गुंडाळा. आश्विनातला पहाटवारा अंगाला गोड लागतो आणि मग महिनाभर खोकत बसायला लावतो. हा काळ्या दगडाचा कट्टा आमच्या आंबेखोल बंदरातला सगळ्यात जुना. शेजारची ती चूल वर्षातून एकदाच पेटते, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना. का, ते ऐका.

फार पूर्वी, गलबतं शिडांवर चालायची तेव्हा, इथे भागी नावाची एक खारवीण राहायची, असं सांगतात. तिचा नवरा धाकू तांडेल आदल्या वर्षी गलबत घेऊन गेला, तो परतलाच नव्हता. आता दर्यावर गेलेल्या माणसासाठी रडायचं नाही, हा तेव्हा बंदराचा दंडक. रडलीस तर त्याला बुडवलंस, असं मानायचे. भागी रडली नाही. मासे सुकवायची, सासूला सांभाळायची, धाकूच्या माघारी झालेल्या पोरीला पाजायची.

पाऊस सरला, हवा कोरडी पडली आणि तिला खोकला धरला. गावच्या वैदूनं सुंठ-मिऱ्याचा काढा दिला, तर घशाची आणखीच आग झाली. दसऱ्यापर्यंत भागीचा हाडांचा सापळा झाला, दूध आटलं. पोर भुकेनं रडायची. त्या घरात रडायची मुभा तेवढी तिलाच होती.

त्याच सुमारास वादळात मोडलेल्या एका जहाजावरचा चिनी वैद्य बंदरात अडकून पडला होता. लिन त्याचं नाव. आमच्या लोकांनी त्याची मापं काढायची ती काढलीच, पण शेवटी सासू गेली त्याच्याच पायाशी. त्यानं बराच वेळ भागीची नाडी धरली आणि मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं म्हणे, की शरदातली कोरडी हवा आधी फुप्फुसाला लागते. सुंठ-मिरी बंद, थंड-कच्चं बंद, कोंबड्यांबरोबर निजायचं आणि कोंबड्यांबरोबरच उठायचं. त्याच्या मुलखात अशा वेळी नाशपाती मधात वाफवून देतात. इथे कुठली आलीय नाशपाती? मग त्यानं परसातला पांढरा कोहळा कापला, मध घातला आणि पहाटे या कट्ट्याशेजारी चूल मांडली.

घसा ओला झाला, पण खोकला काही हटेना. वैद्य म्हणाला, फुप्फुस हे दुःखाचं घर, तिथे काहीतरी कोंडलंय. तो काय मागतोय ते भागीला बरोबर कळलं. तिनं नकारार्थी मान हलवली. आपण मेलो तरी चालेल, पण धाकूला आपल्या हातानं बुडवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पोरीकडे नजर गेली की मात्र तिला छातीशी ओढून घ्यायची.

कोजागरी झाली, दुसऱ्या दिवशी उजाडताना वैद्य चुलीपाशी आला. दर्याकडे तोंड करून बसला आणि सगळ्यांदेखत धाय मोकलून रडू लागला. बाया धावल्या, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या.

"माझी आई तिकडे आहे," तो म्हणाला. "आहे की नाही, ठाऊक नाही. मी रडलो म्हणून ती मरत नाही, गप्प बसलो म्हणून जगत नाही. मला ती हवी आहे, म्हणून रडतो."

भागीनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि वर्षभराचं सगळं त्या कट्ट्यावर बाहेर पडलं. सासू तिला गप्प करायला पुढे आली आणि स्वतःच तिच्या गळ्यात पडून रडली. धाकू तिचा मुलगाच होता ना.

दिवाळीपर्यंत खोकला गेला, दूध परत आलं, पोर जगली. आमचं घराणं त्या पोरीचंच, असं म्हणतात. धाकूचं विचाराल, तर कुणी म्हणतं आला, कुणी म्हणतं नाही. वैद्याला मात्र त्याच्या मुलखाचं गलबत कधी मिळालं नाही. तो इथेच गेला. पुढे दर शरदात त्याच्या आईसाठी भागी रडायची म्हणे.

आजही त्या पहाटे चूल पेटते. आमची पोरं आता कुणी बोटीवर, कुणी आखातात. आया इथे बसून त्यांची नावं घेऊन पोटभर रडतात, मग वाफवलेला कोहळा खातात आणि घरी जाऊन त्यांना फोन लावतात. उठण्याआधी एक फोड कट्ट्यावर ठेवतात, ती त्या वैद्याच्या आईची. तिचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून नुसतं 'आई' म्हणतात.