तीन तळी आणि राहीच्या निळ्या पट्ट्या

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या राज्यातल्या सगळ्या विहिरी आटल्या. सगळ्या, बरं का! पोहरा सोडला की तळाशी नुसता ठणकन वाजायचा. उरली फक्त डोंगरातली तीन तळी. तिन्हींचं पाणी काचेसारखं नितळ. पण तिथे बसला होता एक राक्षस.

तो म्हणाला, “एका तळ्यात गोडं पाणी, एकात जहाल आंबट, एकात राखेचा जहाल खार. गोडं ओळखून प्यालात, तर ते तुमचं. चुकलात, तर तुमचा आवाज माझा. एकेक करून तिघांनीच यायचं, चौथा नको!”

मग गेले सेनापती. मिशीला पीळ देत म्हणाले, “त्यात काय!” आणि पहिल्याच तळ्यातली ओंजळ प्याले. ते निघालं आंबट! दात आंबले, आवाज गेला. राक्षसाने टाळी वाजवली, तशी तळ्यांनी जागा बदलल्या.

मग गेले राजज्योतिषी. त्यांनी बोटं मोजून मधलं तळं निवडलं. ते निघालं खाराचं! जीभ पोळली, आवाज गेला. पुन्हा टाळी, पुन्हा जागा बदलल्या.

आता उरली एकच खेप. जायला कुणी धजेना. त्याच राज्यात राही नावाची रंगारीण होती. तिची चिमुरडी लेक तहानेने रडायचीसुद्धा थांबली होती. राही तडक राजाकडे गेली.

“महाराज, मी जाते.”

“तू? कशाच्या जोरावर, बाई?”

“गोकर्णीच्या फुलांच्या. त्यांच्या निळ्या रंगावर लिंबू पडलं की तो गुलाबी होतो. राखेचा खार पडला की हिरवा. किती कापडं नासलीत माझी अशी! साध्या पाण्याने मात्र निळा तो निळाच.”

मग राहीने टोपलीभर फुलं कुटली. त्यांचा रस कागदाला चोळला, सावलीत वाळवला आणि त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या. त्या ओटीत घेऊन ती डोंगर चढली. भीती वाटली का? वाटली की! पण पाय थांबले नाहीत.

पहिल्या तळ्यात पट्टी बुडवली. गुलाबी! दुसऱ्या तळ्यात बुडवली. हिरवी! तिसऱ्या तळ्यात बुडवली. निळी ती निळीच.

राही ओंजळ भरणार, तोच राक्षसाने लबाडी केली. वाजवली टाळी! तळी सरसर फिरली.

राही हसली. म्हणाली, “वाजवा हो, खुशाल वाजवा. पट्ट्या पुष्कळ आहेत.”

तिने पुन्हा पट्ट्या बुडवल्या. राक्षसाने पुन्हा टाळी वाजवली. तिने पुन्हा बुडवल्या. शेवटी त्याचे तळहात सुजून भोपळ्यासारखे झाले. टाळी काही वाजेना! मग राहीने निळ्या पट्टीच्या तळ्यातली ओंजळ भरली आणि घटाघटा प्याली. गोड, गार पाणी!

राक्षस हरला आणि बोलल्याप्रमाणे गोडं पाणी लोकांचं झालं. राहीने दरडावलं, “आता त्या दोघांचे आवाज टाका बघू!” त्याने गुपचूप दिले आणि हात फुंकत जो पळाला, तो पुन्हा फिरकला नाही.

राहीने घागर भरली आणि धावत घरी आली. लेकीच्या ओठांना पाणी लावलं. पोरीने डोळे उघडले, पोटभर पाणी प्याली आणि मोठ्ठं भोकाड पसरलं. ते ऐकून राहीला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग सारं राज्य पाणी प्यालं, न्हालं, सुखाने राहिलं. तुम्हीही पाण्याचा घोट घ्या आणि मिटा बघू डोळे.