मैदान सारखे करण्याची पाळी

एका जंगलात प्राण्यांचे एक कॉलेज होते, आणि त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कर्णधार ससा मैदानाला लागूनच बोरीच्या जाळीत राहत असे. जंगलात कसले आले कॉलेज, असे म्हणू नका मुलांनो. प्राचार्य हत्ती होते, पंच टिटवी होती आणि सुगरणींनी विणलेला चांगला घट्ट चेंडू होता. मैदानावर असेपर्यंत कोणी कोणाला खायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की जो संघ हरेल त्याने सामन्यानंतर मैदान सारखे करून ठेवायचे. जिंकलेले बोरे खायला ओढ्याकाठी जात आणि हरलेले खुरांचे नि नखांचे खड्डे बुजवत बसत.

या हंगामात सशाच्या संघाने बोर म्हणून चाखले नव्हते. थंडी पडल्यापासून जो संघ आला तो त्यांना हरवून गेला. अस्वलाकडे गोल राखायचे काम होते, पण त्याचे निम्मे लक्ष झाडावरच्या मधमाशांकडे. साळिंदर चेंडूजवळ जायलाच कचरे. "माझा काटा लागला तर चेंडू कामातून जायचा," म्हणे. आणि ससा इतका पळे, इतका पळे, की चेंडू मागेच राही. सामना संपला की मात्र सगळे मुकाट्याने कामाला लागत. ससा माती उकरून खड्ड्यात लोटी, अस्वल ती पंजाने थोपटी आणि साळिंदर वरून अशी काही लोळण घेई, की दंताळे फिरवावे तशी जमीन साफ होई. मैदान लख्ख दिसू लागे, आणि सशाला मात्र ते बघून रडू येई.

एके दिवशी प्राचार्य हत्तींनी त्याला बोलावून घेतले. "ससोबा, आता एकच सामना उरलाय. तोही हरलात तर संघ बंद करावा लागेल. मैदानावर गवत वाढू दे, चितळांच्या पोटाला तरी होईल."

"पण सर, शेवटचा सामना कोळसुंद्यांशी आहे!"

"माहीत आहे," हत्ती सुस्कारा टाकून म्हणाले, "म्हणूनच गवताचं बोललो."

कोळसुंदे म्हणजे डोंगरापलीकडचे रानकुत्रे. कळपाने राहणारे, कळपाने धावणारे, आणि आजवर एकदाही न हरलेले. सामना सुरू झाला आणि ससा पळायचेच विसरला. असा खेळ त्याने जन्मात पाहिला नव्हता! ओरडणे नाही, खुणा नाहीत, रागावणे नाही. एकाने चेंडू ढकलावा, तर तो जिथे जायचा तिथे दुसरा आधीच उभा. जणू सगळ्यांचे मिळून एकच मन होते. "वा! काय खेळतात!" ससा स्वतःशीच म्हणाला.

"कर्णधार, ते आपल्या विरुद्ध खेळतायत!" साळिंदर मागून ओरडले.

अस्वलही थक्क झाले होते. इतके, की मधमाशा विसरून ते एकटक चेंडूकडेच बघत राहिले, आणि म्हणून चेंडू येईल तसा त्याच्या पोटावर आदळून परत जाऊ लागला. डोळे विस्फारून बघण्याचा असाही फायदा असतो.

उन्हे उतरली, तरी दोन्हीकडे एकही गोल झाला नव्हता. पळसाची सावली रेषेला टेकली की सामना संपायचा, आणि ती आता वीतभरच उरली होती. तेवढ्यात कोळसुंद्यांच्या कर्णधाराने पळसाखालून एक सणसणीत चेंडू सोडला. पुढे त्याचा जोडीदार अगदी नेमक्या जागी उभा होता. पण सशाच्या मनात लख्खकन काही आले. मागच्या सामन्यात गव्यांनी तिथे केवढा खड्डा पाडला होता! तो आपणच बुजवला. वरून सपाट दिसतो, पण आत माती अजून भुसभुशीत आहे. ससा चेंडूकडे गेलाच नाही, तो थेट त्या जागेकडे धावला. आणि चेंडू आला, मातीत रुतला, त्याच्या पुढ्यात थांबला.

तिथून कोळसुंद्यांच्या गोलपर्यंतची पट्टी अस्वलाने सबंध हंगामभर थोपटून टणक केलेली. कुठे उंचवटा, कुठे उतार, सशाला सगळे पाठ होते. या खेपेला त्याने चेंडूला मागे टाकले नाही. टिटवी किंचाळली. गोल! आणि सावली रेषेला टेकली.

सशाने धापा टाकत इकडेतिकडे पाहिले, मान खाली घातली आणि माती उकरायला सुरुवात केली. अस्वल येऊन थोपटू लागले. साळिंदराने लोळण घेतली. सवयच तशी पडली होती बिचाऱ्यांना!

इतक्यात सशावर एक सावली पडली. कोळसुंद्यांचा कर्णधार समोर उभा होता.

"ससोबा, सरका बाजूला," तो हळूच म्हणाला. "आज पाळी आमची आहे."

सशाने टिटवीकडे पाहिले, मग हत्तींकडे. "म्हणजे... सर, आपण जिंकलो?" हत्तींनी मान डोलावली आणि सोंडेने डोळे पुसले.

कोळसुंद्याने खड्ड्याशी बसून दोन-चार वेळा माती वर-खाली केली आणि मोकळेपणाने विचारले, "आम्हाला हे कधी करावंच लागलं नाही हो. आधी लोटायची, की आधी थोपटायची?"

ससा त्याच्याकडे बघतच राहिला. कधी न हरलेला तो वीर पायाच्या नखांनी माती ओढत होता, आणि त्याची मान जराही खाली गेली नव्हती. आपल्याला हे काम करताना एवढी लाज का वाटत होती, हे सशाला कळेना. "आधी लोटायची, दादा," तो म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.

मैदान सारखे होईपर्यंत बोरे खायला कोणीही गेले नाही.

तात्पर्य : हरल्यावरही वाट्याला आलेले काम जो मन लावून करतो, त्याचे श्रम मातीत गेले तरी मातीमोल होत नाहीत.