पाटलांच्या संडासातल्या गोवऱ्या

ओढ्याच्या काठी एक गाव होतं. त्या गावात गिरजाक्का नावाची सुईण राहायची. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. गाव तिला मान द्यायचं, तिचं ऐकायचं मात्र नाही.

सकाळी माणसं टमरेल घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला जायची आणि खालच्या अंगाला बायका त्याच ओढ्याचं पाणी भरायच्या. पाऊस लागला की घरोघरी जुलाब. मग गिरजाक्कानं या घरातून त्या घरात पळायचं, मीठसाखरेचं पाणी पाजायचं आणि निघताना सांगायचं, "बाबांनो, घरी संडास बांधून मिळालाय, तो वापरा." माणसं मान डोलवायची आणि बरं वाटलं की पुन्हा ओढ्याची वाट धरायची. संडासात कुणी कडबा कोंबला होता, कुणी कोंबड्या डालल्या होत्या. पाटलांच्या संडासात तर छपरापर्यंत गोवऱ्या.

"सांगून सांगून जीभ झिजली माझी," गिरजाक्का म्हणायची. "म्हशीला सांगितलं असतं तर ती एव्हाना शिकली असती."

त्या वर्षी पाटलांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळ अजून मानही धरत नव्हतं, तोच त्याला जुलाब लागले. डोळे खोल गेले, रडण्यातला जोर गेला. गिरजाक्का धावत आली. तिनं लेकीला बाळाला अंगावर पाजत राहायला सांगितलं आणि गाडी जुंपून दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

"घुटी कुठल्या पाण्यात उगाळत होतीस?" तिनं वाटेत विचारलं.

"ओढ्याच्याच," लेक म्हणाली.

बाळ वाचलं. पाटलांनी हात जोडले. "अक्का, हवं ते मागा."

"गोवऱ्या बाहेर काढा आणि संडास वापरा. तुम्ही वापरलात तर गाव वापरेल."

"दिला शब्द," पाटील म्हणाले.

थोड्याच दिवसांनी एका पहाटे गिरजाक्काला ओढ्याकडच्या बांधावर पाटील दिसले. हातात टमरेल.

"पाटील, हे काय?"

"चार भिंतींत जमत नाही हो अक्का. आणि बाळ बरं झालंय की आता."

गिरजाक्कानं कपाळाला हात लावला. पाटलांशी बोलण्यात अर्थ नव्हता. ती तडक त्यांच्या घरी गेली आणि पाहिलं ते लेकीला सांगितलं. पाटील परतले तेव्हा लेक बाळाची दुपटी बांधत होती.

"आबा, मी सासरी निघाले."

"अगं, अशी मध्येच? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. माझं बाळ मरता मरता वाचलंय. ओढ्याला जायचं सोडाल, तेव्हा न्यायला या."

ती गेली. सोप्यात रिकामा पाळणा तेवढा राहिला. पाटलांना घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी धोतर खोचून ते स्वतः गोवऱ्या उपसायला लागले. बघायला गाव जमलं.

"पाटील, गडी नाहीत का?" कुणीतरी विचारलं.

"शब्द मी दिला होता, गड्यानं नव्हे."

लोक गुपचूप घरी गेले. त्या आठवड्यात कडबा निघाला, कोंबड्या अंगणात आल्या. ओढ्याच्या वरच्या अंगाची वाट हळूहळू गवतानं भरली.

पाटील लेकीला घेऊन आले. गाडीतून उतरून ती आधी परसात गेली. तिनं संडासाचं दार उघडून पाहिलं, शेजारी भरून ठेवलेली बादली पाहिली आणि मगच बाळाला घेऊन उंबरा ओलांडला.

तात्पर्य एवढंच: औषधानं आजार जातो, पण सवय बदलली नाही तर तो पुन्हा दारात येतो.