दोन हात दोरी

फार वर्षांपूर्वी एका गावाला एक खूळ लागलं होतं. लग्नात नवरदेवाला कारवानी कुत्र्याचं पिल्लू भेट द्यायचं. लांब पाय, सडपातळ अंग. वरातीपुढे काय ऐटीत धावायचं ते!

वरात संपली की कौतुकही संपायचं. ही जात शिकारी, माळावर धावणारी. तिला हे शहाणे लोक दारातल्या खुंट्याला बांधायचे, दोन हात दोरीने! मग कुत्रं भुंकायचं, अंगण उकरायचं. घरचे वैतागले की गावाबाहेरच्या सगुणा कोष्टिणीच्या दारात सोडून मोकळे.

सगुणा पोटाला चिमटा घेऊन त्यांना पोसायची, धनगरांच्या वस्त्या पालथ्या घालून एकेकाला घर शोधायची. पण एकाची सोय लागली की दारात दोन हजर! बिचारी पार कावली होती.

एके सकाळी खुद्द पाटील कुत्रं घेऊन आला. "सगुणे, घे हे. अंगणाची चाळण केली यानं."

"पाटील, घरात कण्यासुद्धा संपल्यात. कुठं ठेवू?"

"नको तर राहिलं. रानात सोडतो. बिबट्या बघेल काय ते."

 सगुणाचं डोकंच फिरलं. "ठेवते. पण आजपासून माझ्या दारची एक रीत. कुत्रं आणणाऱ्यानं दिवस मावळेपर्यंत त्याच्या जागी बसायचं. त्याच दोरीनं."

पाटील हसला. "बसायला तर मला आवडतंच!"

तिनं कुत्र्याची दोरी सोडून पाटलाच्या कमरेला बांधली, दुसरं टोक दारातल्या खुंट्याला. शेजारी भाकरी-पाणी ठेवलं. थोडा वेळ पाटील मजेत बसला. मग पाय आखडले. मग तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडू लागला, "ए, कुठं चाललास? इकडं ये!" कोणी थांबेना. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा तो चिडून टाचेनं माती उकरत होता.

सगुणा बाहेर आली. "अहो पाटील, अर्ध्या दिवसात एवढा खड्डा? हे मुकं जनावर वर्षभर बसलं होतं हो!"

पाटलाची मान खाली गेली. "सोड बाई. घरी नेतो त्याला. रोज माळावर फिरवीन, मी स्वतः."

तिनं पाटलाची दोरी सोडली. कुत्रं माळावर सुसाट सुटलं. मागून पाटील धापा टाकत, "अरे थांब, थांब!"

"ते कशाला थांबतंय? तुम्हीच पळा!" सगुणा ओरडली.

पुढच्या लग्नात पुन्हा पिल्लाची गोष्ट निघाली. पाटलानं नवरदेवाला विचारलं, "रोज पहाटे उठून याच्यामागं पळशील का?" नवरदेवानं पुढे केलेले हात मागे घेतले. त्याला तांब्या-भांडं दिलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी पळायची आपली तयारी नाही, त्याला हौसेपायी दारात आणून बांधू नये.