मेणाचं अंडं, मेणाचं तळं

एका रानात एक तळं होतं, तळ्यात आभाळ होतं, आणि त्या आभाळात बदकं पोहत होती. रानात पूर्वी सिंहाचं राज्य होतं. तो गेला, लोकशाही आली, आणि तेव्हापासून डरकाळी फोडायची सगळ्यांनाच मुभा मिळाली.

तळ्यावरची बदकं कॅथलिक होती. ती कधी झाली, कशी झाली, याबद्दल मतभेद होते. पण पाण्यात डोकं बुडवून नवं होऊन वर यायची सवय त्यांना आधीपासूनच होती, त्यामुळे फार अडचण आली नसावी. काठावर एक थोराड, पोकळ भेंडीचं झाड होतं. त्याच्या ढोलीत चर्च, फांदीला घंटा, आणि घंटेखाली फादर करकोचे. फादर एका पायावर उभे राहत. निवडणूक जाहीर झाली की ते पाय बदलायचेही थांबत, कारण कुठल्या बाजूला कलले याची लगेच चर्चा होई.

बदकांची एक जुनी रीत होती. चर्चमधल्या माउलीच्या सणाला प्रत्येकानं आपलं मागणं मेणात घडवून आणायचं. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर. मग सगळ्या वस्तू चर्चच्या मोठ्या तागडीत घालायच्या आणि ज्या मागण्याचं मेण जड, ते वस्तीचं त्या वर्षाचं पहिलं मागणं. देवाला सगळंच ऐकू येतं, पण रांग लावून दिलेली बरी, असं जुनी बदकं म्हणत.

त्या वर्षी सण आणि निवडणूक एकाच आठवड्यात आली.

उमेदवार दोन. पहिले मुंगूसराव. त्यांचा पक्ष अंड्याचा.

"माझ्या बदक बंधूंनो आणि भगिनींनो," मुंगूसराव वारुळावर चढून म्हणाले, "अंडं हे नुसतं अंडं नसतं. ते उद्याचं बदक असतं!"

"तुला ठाऊकच असणार," मागून कोणीतरी ओरडलं. "परवापर्यंत उद्याची बदकं तूच खायचास!"

"तो माझा भूतकाळ. आता मी फक्त चिंतन करतो," मुंगूसराव म्हणाले आणि त्यांनी मिशा पुसल्या. "माझ्या राज्यात एका अंड्यालाही तडा जाणार नाही. फक्त हे तळं तेवढं आटवावं लागेल. ओल लागून अंडी नासतात, असं आमच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. बोला, अंडं अखंड, तर रान अखंड!"

दुसरे रेडेभाऊ. त्यांचा पक्ष तळ्याचा.

"तळं काठोकाठ भरून ठेवीन," रेडेभाऊ चिखलातूनच म्हणाले. "उपाशी असेल त्याला शेवाळ. दूरदेशाहून उडून आलेल्या दमल्या पाखरांना उतरायला जागा. बोला, काठोकाठ तळं, घरोघर शेवाळं!"

"आणि अंड्यांचं काय, भाऊ? तुम्ही पाण्यात उतरता त्या वाटेवर दर वर्षी घरटी चिरडतात."

"अंडी हा ज्याच्या त्याच्या घरट्याचा प्रश्न आहे," रेडेभाऊ म्हणाले. "मी चालताना खाली बघत नाही. मी पुढं बघणारा नेता आहे."

आता या गोष्टीतलं घरटं. ते इनासबायचं होतं. रेडेभाऊ ज्या वाटेनं पाण्यात उतरत, त्या वाटेवरच लव्हाळ्यात ते होतं. आणि मुंगूसरावांनी तळं आटवायच्या चराची जी काटक्यांची खूण लावली होती, तीही नेमकी त्याच्या अंगाला होती. म्हणजे रानाचे दोन्ही मोठे प्रश्न तिच्या दाराशी येऊन बसले होते. ती मात्र अंड्यांवर बसली होती. उठली असती तर अंडी गार पडली असती, म्हणून ती सभेला जात नव्हती; सभाच तिच्याकडे येत होती.

तिचा नवरा पास्कू अंड्याच्या पक्षात होता. बहुतेक सगळे नर त्याच पक्षात होते.

"अगे इनास, जीव पहिला," पास्कू म्हणाला. "अंडंच नसेल तर पोहणार कोण?"

"आणि तळंच नसेल तर पोहणार कशात?" तिची बहीण मोनी लव्हाळ्यातून बोलली. ती तळ्याच्या पक्षात होती. "तुझ्या भाषणात? तिथंही घोट्याएवढंच पाणी आहे."

"तू मध्ये बोलू नको, मोनी. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पास्कू, खरं सांग, तू कधी अंड्यावर बसलायस?"

"मी तत्त्वावर बसतो," पास्कू म्हणाला.

"बरं झालं दोघं आलात," इनासबाय म्हणाली. "माझा पाय आखडलाय. घटकाभर बसता का कोणी इथं? मी जरा पाण्यात जाऊन येते."

तेव्हा पास्कूला आठवलं की अंडी बचाव समितीची बैठक आहे, आणि मोनीला आठवलं की दमल्या पाखरांसाठी निषेध फेरी आहे. दोघंही आपापल्या प्रश्नाकडे घाईघाईनं निघून गेली. इनासबायनं पाय पंखाखाली ओढला आणि ती गुणगुणू लागली:

अंड्याला गं ऊब माझी, पिलाला गं पाणी,
एक मागू, एक सोडू, कशी गाऊ गाणी?
ऊब दिली, पाणी गेलं, पिलू जाईल कुठं?
पाणी राहिलं, ऊब गेली, तळं रितं मोठं.

मिस्सेची प्रार्थना आटोपून फादर करकोचे तिला भेटायला आले.

"फादर, तुम्हीच सांगा आता. कुणाला देऊ?"

"बाय, कुणाला मत द्यायचं हे मी सांगत नसतो," फादर म्हणाले. "मी एवढंच सांगतो, विवेक जागा ठेव."

"अंड्यांवर बसल्यापासून मी जागीच आहे, फादर. माझ्या विवेकाला आता थोडी झोप हवी."

"जीव मोठा आहे," फादर हळूच म्हणाले. "जिवाला लागणारं पाणीही मोठं आहे. एकाला मोठं म्हटलं म्हणून दुसरं लहान होत नाही."

"मग मत एकच का देतात हो?"

फादरांनी पाय बदलला. त्या निवडणुकीत हे पहिल्यांदाच घडलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दोन अर्थ रानभर झाले.

वाद मिटेना तेव्हा बदकांनी आपल्या रीतीप्रमाणे ठरवलं. अंडंवाल्यांनी मेणाची अंडी आणावीत, तळंवाल्यांनी मेणाची तळी. तागडी जिकडे झुकेल तिकडे सगळ्या वस्तीनं मत द्यावं. ही बदकांचीच चूक होती, आणि ती बदकंच करू जाणत. मागणं तोलायची तागडी त्यांनी मागणाऱ्यांच्या हातून उमेदवारांच्या हाती जाऊ दिली.

कारण ही बातमी दोघांनीही ऐकली. दुसऱ्या दिवसापासून घरोघर मेण फुकट. मुंगूसरावांचे कार्यकर्ते मधाची पोळी पाडू लागले, रेडेभाऊंचे ती शिंगांवर उचलू लागले. मधमाश्या तक्रार घेऊन गेल्या.

"मध तुमचा आहे, आणि तुमचाच राहील," दोन्ही पक्षांनी त्यांना सांगितलं. "पण मेण रानाचं आहे." मग मधही नेला, कारण तो मेणाला चिकटलेला होता.

तागडी पहिल्याच दिवशी मोडली. पण मेण थांबेना. मुंगूसरावांनी वरच्या उतारावर रानातलं सर्वांत मोठं अंडं उभं करायला घेतलं. ते बघून रेडेभाऊंनी शेजारीच रानातलं सर्वांत मोठं मेणाचं तळं ओतायला घेतलं. तिथं बदकं पोहायला उतरत आणि पाठीवर घसरत जात. घसरलेल्या प्रत्येक बदकाला रेडेभाऊंनी स्वतः उठवलं, आणि शेजारी उभ्या चितारी सुगरण पक्षिणीनं ते दृश्य लगेच विणून काढलं.

दोन्ही वास्तूंचं उद्घाटन सणाच्या दिवशी भर दुपारी ठेवलं होतं. नेत्यांना डोक्यावर सूर्य लागतो. मुंगूसराव अंड्यावर बोलले. रेडेभाऊ तळ्यावर बोलले. मग मुंगूसराव रेडेभाऊंवर बोलले आणि रेडेभाऊ मुंगूसरावांवर. सूर्य काहीच बोलला नाही. तो फक्त होता.

अंड्याचं टोक आधी वाकलं. मग अंडं बसलं. मग तळं हललं. दोन्ही मेणं एकमेकांत मिसळून उतारावरून खाली निघाली, कढत, सावकाश, आणि खाली त्यांच्या वाटेत लव्हाळ्यातलं एकच घरटं होतं.

"हे विरोधकांचं मेण आहे!" मुंगूसराव झाडावरून ओरडले. ते केव्हाच झाडावर पोचले होते.

"याची चौकशी झाली पाहिजे!" रेडेभाऊ तळ्याच्या पलीकडून ओरडले. ते केव्हाच पलीकडे पोचले होते.

"पास्कू!" इनासबाय ओरडली. "मोनी! अरे कोणीतरी या!"

पास्कू धावला. मोनी धावली. मग अंडंवाले धावले, तळंवाले धावले, आणि धावताना कोण कुठला हे कुणाला कळेना.

"पास्कू, तू बस!" इनासबाय म्हणाली आणि तिनं नवऱ्याला घरट्यात ढकललं. "पोट टेकव. पंख पसर. हलायचं नाही."

"अगे, पण कसं—"

"तत्त्वावर बसतोस ना? तसंच."

मग ती स्वतः पाण्याकडे धावली. कुठला चिखल चिकट, कुठला वाळूचा, हे सगळ्याच बदकांच्या चोचींना ठाऊक होतं. निवडणुकीत तेवढं विसरायला झालं होतं. चोचीचोचीनं चिखल आला. फादर करकोचे दोन्ही पायांवर धावत आले आणि आपल्या लांब चोचीतून त्यांनी सगळ्यांत मोठा गोळा आणला. घरट्याच्या वरच्या अंगानं पार पाण्यापर्यंत बांध उभा राहू लागला, आधी बोटभर, मग वीतभर, मग बदकाच्या मानेएवढा. मेण आलं, बांधावर आदळलं, थबकलं, आणि चिखलाच्या अंगावरच थिजलं. बांध आणखी पक्का झाला.

घरट्यात पास्कू डोळे मिटून बसला होता.

"संपलं का गे?"

"संपलं. ऊठ."

"नको," पास्कू म्हणाला. "आत काहीतरी टकटक करतंय. जरा ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. रानात मतदानाचं काम खेकड्यांकडे असे, कारण ते कुठल्याच बाजूला सरळ जात नाहीत. मतं इतकी बरोबरीची पडली की निकाल एकट्या इनासबायच्या मतावर आला. ती उठू शकत नव्हती, म्हणून खेकडे मडकं घेऊन तिरपे तिरपे घरट्यापाशी आले.

"काय करू रे?" तिनं पास्कूला विचारलं.

"मला नको विचारू," पास्कू पाठ चोळत म्हणाला. "मी काल बसल्यापासून मला पूर्वीइतकं कळेनासं झालंय."

इनासबायनं बांधाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "देवमाणूस काय यांच्यात कोणी नाही," ती म्हणाली. "उद्या चुकला तर ज्याला आपल्याला अडवता येईल, त्याला देते." आणि तिनं मडक्यात आपल्या मताचा शिंपला टाकला.

तिच्या एका मतानं निकाल लागला. कुणाच्या बाजूनं लागला हे सांगण्यात आता अर्थ नाही, कारण संध्याकाळी जिंकलेले आणि हरलेले मिळून एकाच वारुळावर शपथ घेत होते.

"जनतेनं अंड्यालाही कौल दिला आहे आणि तळ्यालाही," दोघं एका सुरात म्हणाले. "म्हणून आम्ही दोघं." मग जबाबदाऱ्या वाटल्या. तळी मुंगूसरावांकडे आली. घरटी रेडेभाऊंकडे आली.

मुंगूसराव लगेच चर खणायला आले. बांधाला नखं लावली, ती मेणात रुतली, आणि सुटल्यावर त्यांनी तळ्याचं काम पुढच्या वर्षावर टाकलं. रेडेभाऊ घरट्यांच्या पाहणीला आले. पुढं बघत चालले होते, बांधावर आदळले, मेणावरून घसरले, आणि तेव्हापासून लांबून वळसा घालून पाण्यात उतरू लागले.

थोड्या दिवसांत इनासबायची अंडी फुटली. पिल्लं बांधावर चढली, तिथून पाण्यात उडी मारू लागली आणि पुन्हा चढू लागली. एकदा ती अशीच ओली होऊन वर आली तर बांधावर नवीकोरी पाटी उभी होती, खाली फितीचे तुकडे पडले होते. पाटीवर लिहिलं होतं की हा बांध दोन मान्यवरांच्या अथक परिश्रमांतून साकार झाला आहे.

"आई," सर्वांत धाकट्या पिल्लानं विचारलं, "हा बांध कुणी बांधला गे?"

"पाटीवर ज्यांची नावं आहेत ना," इनासबाय त्याच्या पंखावरचं पाणी निपटत म्हणाली, "ते सोडून बाकी सगळ्यांनी."