दोन शिक्के आणि काहिलींचे गाव

फार पूर्वी, जहाजे अजून वाऱ्याच्या मर्जीवर चालत होती त्या काळी, समुद्राकाठी एक राज्य होते आणि त्या राज्यात तांबटांचे एक गाव होते. लहानथोर हो, तुम्ही तिकडे गेला असता तर गाव दिसायच्या आधी ऐकू आले असते. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हातोडे थांबत नसत.

त्या गावात काहिली घडत. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची भली मोठी कढई, आत माणूस पाय पसरून निजेल एवढी. समुद्रापलीकडच्या बेटांवर ऊस उदंड पिके, पण तांबे औषधालाही नसे. म्हणून बेटांवरची जहाजे येत आणि काहिली भरभरून नेत.

अडचण एकच होती. बेटावरचे लोक गूळ विकला गेल्यावर, म्हणजे पुढल्या हंगामात पैसे देत. तोवर तांबे कशाने आणायचे, कोळसा कशाने आणायचा, हातोडा मारणाऱ्याच्या घरी भाकरी कशी शिजायची? म्हणून एका जुन्या राजाने व्यवस्था करून ठेवली होती. राज्याचा खजिना तांबटांना हमी देई. त्या हमीवर तांबेवाला तांबे देई, सावकार मजुरी देई. बेटावरून पैसे आलेच नाहीत, तर खजिना भरून देणार. तशी वेळ क्वचितच आली होती.

पण हमी कायमची नव्हती. तिची मुदत संपली की राज्याच्या दोन्ही प्रधानांनी, म्हणजे अमात्यांनी आणि खजिनदारांनी, तिच्यावर नव्याने शिक्के मारायचे. एक जरी शिक्का कमी पडला, तरी हमी रद्द.

एके वर्षी मुदत संपत आली असतानाच बंदरात एक जहाज लागले. त्याचा नाखवा गावात आला, चिमाईच्या कारखान्यात गेला. चिमाई म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या भट्टीची मालकीण. बापाच्या मागे तिने भट्टी हाती घेतली होती आणि निम्मे गाव तिच्याकडे कामाला होते.

नाखवा म्हणाला, "बाई, यंदा तीन नवी बेटं उसाखाली आली आहेत. तुम्ही घडवाल तेवढ्या काहिली मला हव्यात."

गावात आनंद मावेना. कोळसेवाल्यांनी नव्या बैलजोड्या पाहून ठेवल्या. ज्या घरी एक जण कामाला जाई, तिथले दोघे-तिघे कामावर यायला निघाले. चिमाईने नवीन भट्टीसाठी जागा आखली.

इकडे राजसभेत मात्र निराळेच पेटले होते.

अमात्य म्हणाले, "या हमीचा सगळ्यात मोठा घास कोण घेतं? बंदरावरचा धनशेठ, काहिली विकत घेऊन बेटांवर उधारीने विकणारा. त्याच्या वखारी भरलेल्या, गलबतं स्वतःची. त्याला प्रजेच्या खजिन्याचा टेकू कशाला? बंद करा ही हमी."

खजिनदार म्हणाले, "टेकू काढलात तर छप्पर धनशेठवर नाही, गावावर पडेल. शेजारचा राजा आपल्या तांबटांना हमी देतो. गिऱ्हाईक तिकडे जाईल."

दोघेही खरे बोलत होते. राजा म्हणाला, "मग धनशेठला वगळा आणि बाकीच्यांना द्या."

झाले असते. पण अमात्यांना वाटले, एवढ्यावर मानले तर लोक म्हणतील अमात्य वाकले. आणि खजिनदारांना वाटले, ही अट घातली तर लोक म्हणतील अमात्य जिंकले. एक म्हणाला, "मुळापासून बंद." दुसरा म्हणाला, "एक अक्षर बदलणार नाही." रोज सभा भरे, रोज दोन्हीकडचे लोक आपापल्या प्रधानाची पाठ थोपटत. असे करता करता मुदत संपली.

दुसऱ्याच दिवशी तांबेवाल्याने गाड्या परत फिरवल्या. भट्ट्या विझल्या. गाव मुके झाले. चिमाईने घरातले धान्य काढून माणसांना वाटले, ते कितीसे पुरणार? शेवटी माणसे म्हणाली, "बाई, शेजारच्या राज्यात काम आहे. आम्ही जातो."

चिमाई त्यांना पोचवायला निघाली.

त्याच दिवशी अमात्य घोड्यावरून आपल्या गावी चालले होते. तिथे त्यांच्या विजयाबद्दल सत्कार होता. वाटेत त्यांना गाड्यांची रांग लागली. गाड्यांत अंथरुणे, भांडी, लेकरे आणि हातोडे.

"कुठली जत्रा?" त्यांनी विचारले.

"जत्रा नाही, महाराज," चिमाई म्हणाली. "माझी माणसं आहेत. हमी गेली, म्हणून देश सोडून चालली आहेत."

"पण मी तर धनशेठला आवरलं."

"ते बरंच केलंत. तो आम्हालाही नाडतो. पण त्याची कोठारं भरलेली आहेत, तो वर्षभर बसून खाईल. आम्हाला आठवडाभर बसता येत नाही."

अमात्यांनी गाड्यांकडे पाहिले. एका म्हाताऱ्याने भात्याचे कातडे लेकरासारखे मांडीवर घेतले होते. अमात्यांची मान खाली गेली.

"नाखवा गेला का?" त्यांनी विचारले.

"आज निघतो आहे. वारा फिरला की."

"तुम्ही बंदरावर जा. काहीही करून त्याला थांबवा. मी शिक्के घेऊन येतो."

चिमाईने गाडी वळवली. अर्ध्या गाड्या तिच्यामागे वळल्या. उरलेले म्हणाले, "काल नाही म्हणणारा आज हो म्हणतो आहे. उद्या काय म्हणेल?" ते पुढे निघून गेले.

अमात्य भरधाव खजिनदारांच्या दारी पोचले. खजिनदार झोपाळ्यावर होते. ते हसून म्हणाले, "आता लोक तुमच्या दारात येतील, अमात्य. जाब विचारायला."

"येऊ देत. जीत तुमची, असं मीच चौकात सांगतो. धनशेठला वगळा आणि शिक्का घेऊन चला."

"एवढी घाई?"

"तांबट सीमेकडे चालले आहेत. सगळे गेल्यावर तुम्ही हमी देणार कुणाला?"

झोपाळा थांबला. खजिनदार उठले, आत गेले आणि शिक्का घेऊन अनवाणीच बाहेर आले.

मग जी दौड सुरू झाली, ती त्या राज्यात पुन्हा कुणी पाहिली नाही. राजवाड्यापाशी राजाने होकार दिला, तोही दोघांनी घोड्यावरून न उतरता घेतला. धूळ उडवत दोन प्रधान शेजारी शेजारी धावत होते.

बंदरावर वारा फिरला होता. जहाजाचे शीड वर चढले होते. चिमाई होडीतून जहाजाला भिडली आणि लोंबणारा दोर तिने दोन्ही हातांनी धरला.

"सोडा, बाई," वरून नाखवा ओरडला. "बुडाल."

"शिक्के येताहेत," ती म्हणाली. दोराने तिचे तळवे सोलले, होडी हेलकावत होती, तरी तिने दोर सोडला नाही.

तेवढ्यात किनाऱ्यावर घोडे दिसले. दोन्ही प्रधान वाळूत गुडघे टेकून बसले. एकाने कागद धरला, दुसऱ्याने शिक्का मारला. मग कागद या हातातून त्या हातात गेला. दुसऱ्या होडीतून तो जहाजावर पोचला.

नाखव्याने तो वाचला आणि मान हलवली. "उशीर केलात. निम्म्या काहिलींचा शब्द मी शेजारच्या राजाला देऊन बसलो. शब्द फिरवत नाही. उरलेल्या निम्म्या तुमच्या."

त्या आठवड्यात तांबटांच्या गावात पुन्हा ठण्ण ठण्ण सुरू झाले. जे वळले होते, त्यांच्या चुली पेटल्या. पण जे पुढे गेले ते परत आले नाहीत. शेजारच्या राज्यात त्यांची घरे उभी राहिली. कितीतरी भट्ट्या थंडच राहिल्या आणि चिमाईने आखलेल्या जागेवर गवत उगवले.

पुढे हमीची मुदत पुन्हा संपत आली, तेव्हाही दोन्ही प्रधान भांडले, चांगले कडाक्याचे भांडले. पण शिक्के मुदतीच्या आत पडले.

म्हणून सांगतो: भांडण न्यायाचे असले तरी ते वेळेत मिटवावे, कारण मोठ्यांच्या हट्टात चुली विझतात त्या कष्टकऱ्यांच्या.