भाऊसाहेबांचं उलटं नाव

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब जामदार यांनी मुलींच्या तंत्रशाळेला शाईचा नवा रंगीत प्रिंटर दिला आणि जुना लेझर प्रिंटर भंगारात काढायला सांगितला. तिथल्या शिक्षिका निर्मलाबाईंनी त्यांना गाठलं. मुलींच्या परीक्षेच्या सर्किट बोर्डांची छपाई त्या जुन्यावरच व्हायची.

“काळं ते काळंच, बाई. माझ्या प्रिंटरात खोट काय?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“खोट काही नाही. उद्घाटन आपल्याच नावानं करू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही प्रिंटरांवर ‘जामदार’ हे नाव गुळगुळीत कागदावर छापलं, तेही आरशात दिसावं तसं उलटं.

“आता आमचं नावही उलटं टांगणार का?” भाऊसाहेब गुरकावले.

“इस्त्री फिरली की सुलटं होईल.”

बाईंनी तांब्याचा थर असलेल्या दोन पाट्यांवर ते कागद गरम इस्त्रीनं दाबले, पाण्यात भिजवून सोडवले आणि पाट्या तांबं खाणाऱ्या द्रावणात ठेवल्या. छपाई चिकटते तेवढंच तांबं त्यात वाचतं.

लेझरच्या पाटीवर वितळून चिकटलेली काळी भुकटी घासून काढताच तांबूस ‘जामदार’ लखलखलं. दुसऱ्या पाटीवरची शाई पाण्यातच वाहून गेली होती, मग तांबंही गेलं. हाती उरली कोरी पाटी.

“फोटोला आपला प्रिंटर उत्तमच, भाऊसाहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण नाव टिकवायचं असेल, तर कुठला ठेवू?”

भाऊसाहेबांनी नावाची पाटी खिशात घातली.

“जुना राहू द्या. नवा माझ्या कचेरीत पाठवा.”